हापशीचा ठराव आणि माझा हात

आधी चहा ओता. हा किस्सा कोरड्या घशानं सांगण्यासारखा नाही. आणि एक सांगून ठेवतो, मधेच आतून आमच्या सुलोचनाचा आवाज आला तर दचकू नका. मी हा किस्सा सांगायला बसलो की ती हमखास ओरडते, "सांगा, सांगा! पन हात खाली ठेवून सांगा!"

आता ती असं का म्हणते, तेच तर सांगायचं आहे. ऐका माझी फजिती!

मला पहिल्यापासून एक खोड आहे. जागेपणी स्वप्नं पाहायची. झोपेत मला कधी स्वप्न पडलं नाही, पण डोळे उघडे असले की थांबत नाही बघा. तेव्हा मी गावच्या सोसायटीच्या गोदामावर कामाला होतो. खताच्या पोत्यांवर रेलून बसायचं, वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात धूळ तरंगायची, आणि त्या धुळीकडे पाहता पाहता मी थेट दिल्लीला पोचायचो. लोकसभेत! एकदा एक शेतकरी युरियाचं पोतं मागायला आला, तर मी उठून हात जोडले आणि म्हणालो, "बसा मंत्रिमहोदय, आपला प्रश्न विचाराधीन आहे." तो बिचारा पोतं न घेताच परत गेला.

तर आमचं गाव रिठदच्या अलीकडचं. आता आमचा वाशीम जिल्हा आहे, तेव्हा जिल्हा अकोला आणि वाशीम नुसतं तालुक्याचं गाव. साल सत्याहत्तर. नुकतंच मोठं मतदान होऊन गेलं होतं, लोकांच्या बोटांवरची शाई अजून पुरती गेली नव्हती. जो तो आपलं बोट पाहून खूश होता. आणि सगळ्यात खूश कोण? मी!

कारण मी मॅट्रिक झालेला. आमच्या बौद्धपुऱ्यात संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग चालवायचो, फुकट. त्यामुळे सगळं गाव मला मास्तर म्हणायचं. अक्षरं शिकवता शिकवता मी हळूच नागरिकाचे हक्क काढायचो. मग मला भानच राहायचं नाही. कंदिलाची काच काळी व्हायची, बाया जांभया द्यायच्या, आणि मी हात हवेत फिरवत बोलत राहायचो. बोलताना माझा उजवा हात आपोआप वर जातो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पुऱ्याचं मोठं दुखणं म्हणजे पाणी. गावची विहीर वरच्या आळीत होती. कायद्यानं सगळ्यांची, पण आमच्या बाया गेल्या की तिथं नेहमी दुसऱ्याच कोणाची तरी घागर आधी असायची, आणि त्या घागरीच्या मागं आणखी घागरी. त्यापेक्षा नदी बरी, म्हणून बाया नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. सुलोचनाला तेव्हा सातवा महिना होता. ती भरली घागर डोक्यावर घेऊन नदीची चढण चढायची आणि मी गोदामात बसून दिल्लीत तिच्यासाठी भाषण करायचो. माझा जीव तिच्यासाठी तुटायचा हो, अगदी खरं सांगतो. फक्त तो दिल्लीत तुटायचा.

अशात खबर आली. गावाला एक हापशी मंजूर झाली! एकच. कुठं बसवायची ते ग्रामसभेनं हात वर करून ठरवायचं.

सरपंच म्हणजे गावचे पाटील. त्यांना हापशी आपल्या दारासमोर हवी होती. दारासमोर गोठा, गोठ्यात बारा म्हशी... बारा नसतील, पण ओरडायच्या बारा असल्यासारख्या. आणि आम्हाला हवी होती पुऱ्याच्या तोंडाशी, जिथं आमची घरं संपतात आणि चार-सहा मुसलमानांची सुरू होतात.

मी अंदाज घेतला. पाटलाची माणसं एकीकडे, आमचा पुरा आणि रहीमभाई चहावाल्याची आळी दुसरीकडे, तर सामना जवळपास बरोबरीचा! पण आमच्या बाया आल्या तर? बायांनाही मत आहेच की! तोवर गावच्या ग्रामसभेत एकही बाई बसलेली कोणी पाहिली नव्हती.

वर्गात मी हा विचार मांडला. सगळ्यात म्हाताऱ्या गोदामायनं विचारलं, "आमी तिथं जाऊन करावं काय बाबू? ते ग्रामसेवक कागद वाचते, आमाले त्यातलं काई समजत नाई."

"समजायची गरजच नाही!" मी म्हणालो.

हे वाक्य, मंडळी, माझ्या थडग्यावर कोरायला हरकत नाही.

"तुम्ही फक्त माझ्या हाताकडं पाहायचं," मी म्हणालो. "माझा हात वर, तुमचा हात वर. माझा खाली, तुमचा खाली. बाकी तिकडं कोणी काही वाचू दे."

सुलोचना चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच बोलली, "आन् तुमी झोपले तं?"

"मी झोपतो होय?"

"झोपत नाई. पन जागे बी कुठं असता?"

सगळे हसले. मीही हसलो. मग आम्ही तालीम केली. मी हात वर करायचो, सगळा पुरा हात वर करायचा. काय सुंदर दिसायचं ते! कंदिलाच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्या उठायच्या, ज्वारीचं रान वाऱ्यानं उभं राहावं तशा. मला भरून यायचं. गोदामायचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, ती दुसऱ्या हातानं त्याला खालून टेकू द्यायची.

ग्रामसभेचा दिवस उजाडला. चैत्र होता. चावडीपुढच्या कडुलिंबाला बहर आलेला, मंद गोड वास सुटलेला, बारीक पांढरी फुलं अंगावर पडत होती. सतरंजीवर मी ऐन मध्यात बसलो, सगळ्यांना दिसेन असा. मागं आमचे गडी. उजवीकडं, गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच, बाया! पदर घट्ट धरून ओळीनं बसलेल्या. पाटलांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि मिशी खाजवली.

ग्रामसेवक वाचायला उभे राहिले. "मौजे मजकूर येथील मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणेबाबत..."

तुम्हीच सांगा, चैत्रातली सकाळ, कडुलिंबाची सावली, गार वारा आणि मागील सभेचे इतिवृत्त! माणसानं काय करावं?

आधी एक फूल माझ्या गुडघ्यावर पडलं. मी त्याच्याकडं पाहिलं. पाच पाकळ्या. मग ग्रामसेवकांचा आवाज लांब लांब गेला, आणि सतरंजी लाल लाल होत गेली, आणि कडुलिंबाच्या फांद्या उंच छताला जाऊन पंखे झाल्या. आलो मी दिल्लीत!

केवढं ते सभागृह! गार. शांत. सगळे माझ्याकडं पाहताहेत. सभागृहाच्या मधोमध एक हापशी उभी. गोदामाय ती हापसते आहे, आणि पाणी येतंय, येतंय, थांबतच नाही. लाल गालिचे भिजले. मंत्र्यांनी धोतरं वर धरली. आमच्या बाया घागरी घेऊन दारातून आत येताहेत, कोणी अडवत नाही, कोणी घागर मागं सारत नाही. सुलोचना सगळ्यांत पुढं, डोक्यावर घागर नाही, हात मोकळे. चालता चालता ती अध्यक्षांच्या खुर्चीवर जाऊन बसली, पाय वर घेऊन, दमलेली. कोणीतरी तिला पंख्यानं वारा घालतंय.

आणि मी उभा राहिलो. "अध्यक्ष महाराज!" मी म्हणालो. "हे पाणी कोणाचं?"

असं म्हणताना हात कुठं जातो माझा? वर!

माझ्यावर फुलं उधळली गेली. खांद्यावर, पाठीवर, एक तर कानावर जोरात येऊन आदळलं. मला वाटलं, दिल्लीची फुलं जरा टणक असतात. मी हात आणखी उंच केला.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मी हळूहळू चावडीपुढं परत आलो. टाळ्या इथंही चालूच होत्या. समोर पाहतो तर पाटील स्वतः हसतमुखानं टाळ्या वाजवताहेत. मागं आणि उजवीकडं पाहिलं, तर काय दृश्य! माझा सगळा पुरा हात वर करून बसलेला. बायांचे हात, गड्यांचे हात, रहीमभाईचा चहाच्या गाळणीसकट वर गेलेला हात, गोदामायचा टेकू दिलेला हात.

झालं! जिंकलो आपण! मला दुसरं काय वाटणार?

ग्रामसेवकांनी विचारलं, "मास्तर, अनुमोदक म्हणून तुमचं नाव टाकू का?"

"टाका की!" मी छाती काढून म्हणालो. "माझंच टाका!"

पाटील म्हणाले, "मास्तर, तुमचं मन एवढं मोठं असन असं आमाले वाटलं नव्हतं बावा."

मला गहिवरून आलं. पराभव कसा पचवावा, पाटलांकडून शिकावं! मी उठून उभा राहिलो, सगळ्या सभेला हात जोडले आणि म्हणालो, "हा विजय माझा एकट्याचा नाही. लोकशाहीचा आहे!" पाटलाच्या माणसांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आमच्या माणसांनी काही वाजवल्या नाहीत. मला वाटलं, भारावून गेले आहेत बिचारे.

घरी जाताना सगळा पुरा माझ्या मागं मुकाट चालत होता. रहीमभाईच्या हॉटेलापाशी मी थांबलो. "रहीमभाई, सगळ्यांना चहा! आज आनंदाचा दिवस आहे."

रहीमभाईनं गाळणी खाली ठेवली. "मास्तर, एक बात पूछू? गुस्सा नका होऊ. हापशी पाटलाच्या दारात बसून राह्यली, याचा आनंद हाये का तुमाले?"

"पाटलाच्या दारात?"

"नाई तं काय! तोच ठराव पयला वाचला ना ग्रामसेवकानं. तुमी हात वर केला, आमी बी केला."

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे नक्की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. "अरे, पण तुम्ही ऐकत होता ना? मग हात वर केलाच कशाला?"

गोदामाय पुढं आली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "बाबू, तूच म्हनला होता ना, हाताकडं पाहा म्हनून? मले बी वाटलं काईतरी चुकून राह्यलं. पन म्हनलं, शिकलेला मानूस हाये, त्याचा काई डाव असन."

"अन् दुसरा ठराव? आपला?"

"पयलाच पास झाल्यावर दुसरा कायले वाचते ते?"

मी सुलोचनाकडं पाहिलं. ती एका हातानं कंबर धरून उभी होती. "म्या नव्हता केला हात वर," ती म्हणाली. "सगळ्या सभेत माह्या एकटीचाच हात खाली होता. म्या तुमाले खडे मारले. चार-पाच मारले! एक तं कानावर मारला."

म्हणजे ती दिल्लीची फुलं!

घरी येऊन तिनं घागर उचलली आणि नदीच्या वाटेला लागली. मी मागं धावलो, घागर मागितली, तिनं दिली नाही. त्या चढणीवर तिचा श्वास ऐकू येत होता. मला इतकी लाज वाटली की चार दिवस मी एकही स्वप्न पाहिलं नाही. गोदामात पोत्यांकडं पोती म्हणून पाहत बसलो.

वैशाखात बोअरचं यंत्र आलं, पाटलाच्या दारासमोर धडधड करत जमिनीत गेलं, आणि पाणी लागलं! गोड पाणी. पाटलांनी नारळ फोडला, म्हशी धुतल्या, आणि अनुमोदक म्हणून मला खोबऱ्याचा तुकडा पाठवला.

मी तो तुकडा हातात घेऊन बसलो असताना सुलोचनानं विचारलं, "त्या ठरावात कोनती जागा लिवली हाये? बरोबर सांगा."

"सरपंचांच्या घरासमोरील सार्वजनिक जागा."

"सार्वजनिक म्हन्जे सगळ्याइची ना? तुमीच शिकवलं वर्गात."

"हो. पण..."

"पन काय?"

मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच सगळ्या पुऱ्याच्या बाया घागरी, बादल्या, तपेली, डबे घेऊन पाटलाच्या दारात! सुलोचनाला कोणी काही उचलू देत नव्हतं, ती फक्त बोलायला गेली होती. मी आपला चार पावलं मागं.

पाटील धोतर सावरत बाहेर आले. "हे काय चाललं? आदी घरचं पानी भरू द्या, मंग पाहू."

"आदी कोनाचं अन् मंग कोनाचं, असं ठरावात नाई लिवलं पाटील," सुलोचना म्हणाली. "रांगीत या. ठराव आमच्याच हातानं पास झाला हाये. अनुमोदन तं आमच्या घरच्याचं हाये, तुमीच टाळ्या वाजवल्या!"

पाटील माझ्याकडं पाहू लागले. मी आभाळाकडं पाहू लागलो.

ते तिथं उभे होते, मागं आळीतली माणसं जमली होती. आणि गोदामायनं दांडा धरला. हापशी कुरकुरली. पाणी घागरीत पडलं. ज्या दारापुढून जाताना तिचा नवरा पायातल्या वहाणा हातात घ्यायचा, त्या दारात गोदामाय पाणी भरत होती. मी एवढा स्वप्नाळू माणूस, दिल्लीपर्यंत जाऊन आलेला, पण हे स्वप्न मलाही कधी पडलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवले नाहीत.

मग रोज तेच सुरू झालं. पहाटे कोंबड्याच्या आधी हापशीची कुरकुर! घागरींचा खणखणाट, बायांच्या गप्पा, भांडणं, हसणं, कोणाची सून काय म्हणाली, कोणाच्या शेळीनं काय खाल्लं, सगळं पाटलाच्या उशाशी. पाटलांची झोप गेली. म्हशी बुजायला लागल्या. पाटलीणबाई तर म्हणे गप्पांत इतक्या रमल्या की घरातला चहा उशिरा व्हायला लागला.

पावसाळा कसाबसा काढला पाटलांनी. मग स्वतः वाशीमला चकरा मारल्या, अकोल्याला जाऊन आले, कोणाकोणाच्या पाया पडले कोण जाणे, पण दिवाळीनंतर दुसरी हापशी मंजूर करून आणलीच. आणि ग्रामसभा बोलावली. ठराव काय? दुसरी हापशी पुऱ्याच्या तोंडाशी बसविणेबाबत! ठराव मांडणारे कोण? खुद्द पाटील!

माझं आयुष्यभराचं स्वप्न होतं हो हे. मी धुतलेला सदरा घातला, केसांना तेल लावलं, सगळ्यांच्या आधी चावडीवर जायला निघालो. तर दारातच सुलोचनानं आमची मुलगी माझ्या हातात दिली. चार-पाच महिन्यांची, गुटगुटीत.

"धरा हिले. दोन्ही हातानं धरा."

"अगं, पण सभेत..."

"सभेतच धराची हाये. आन् हे बी." असं म्हणून तिनं दुधाची बाटली माझ्या बोटांत अडकवली.

वर्गातही तिनं नवा नियम करून टाकला होता. ग्रामसेवक काय वाचतात ते ऐकायचं, नाही समजलं तर उभं राहून विचारायचं, आणि ज्याचा हात त्यानं आपल्या मनानं वर करायचा. गोदामायनं त्या सभेत ग्रामसेवकांना दोनदा थांबवलं. "मजकूर म्हन्जे काय बाबू?" ग्रामसेवकांना घाम फुटला, पण समजावून सांगावं लागलं.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा," ग्रामसेवक म्हणाले.

सगळं गाव हात वर! आमचा पुरा, रहीमभाईची आळी, पाटील, पाटलाची माणसं. आणि बायांमध्ये सुलोचनाचा हात, सरळ, कोपरातून जराही न वाकलेला. कडुलिंबाखाली हातांचं रान उभं राहिलं. तसंच, कंदिलाच्या उजेडात मी पाहिलं होतं तसंच. आणि मी? मी मुलगी सांभाळत बसलेलो. एक हात तिच्या मानेखाली, दुसऱ्यात बाटली.

ग्रामसेवकांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "सर्वानुमते मंजूर लिहायचं तर... मास्तर, तुमचा विरोध आहे काय?"

सगळी सभा वळून माझ्याकडं पाहू लागली. पाटील म्हणाले, "काहून मास्तर? आता काय झालं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेकीनं सभेसमोर, माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर आपलं मत नोंदवलं. चांगलं कोमट होतं.

"लिवा सर्वानुमते," सुलोचना म्हणाली. "त्याइचं मत घरी घेतलं हाये म्या."

हापशी बसली. पहिलं पाणी काढायच्या दिवशी सगळा पुरा जमला, रहीमभाईनं फुकट चहा वाटला, पाटीलही आले. गोदामाय म्हणाली, "सुरवात मास्तरच्या हातानं होऊ द्या." मी पुढं आलो. समोर एवढी माणसं, वर निळं आभाळ, थंडीचं कोवळं ऊन... मी घसा खाकरला. सभागृह शांत झालं. पंखे फिरायला लागले. मी म्हणालो, "अध्यक्ष महाराज..." आणि हात गेला वर.

तो वरचा वर सुलोचनानं धरला, खाली आणला आणि हापशीच्या दांड्यावर ठेवला.

"हात वर करायची लय हौस हाये ना तुमाले? मंग करा आता. वर-खाली, वर-खाली. सगळ्याइच्या घागरी भरेस्तोवर!"

भरल्या. सगळ्या पुऱ्याच्या भरल्या, रहीमभाईच्या आळीच्या भरल्या, हौस म्हणून पाटलांनीही एक तांब्या पुढं केला. खांदा नुसता भरून आला होता. पण खरं सांगू का? इतकी वर्षं दिल्लीत वर जाणाऱ्या माझ्या हातानं गावाच्या उपयोगाचं काही केलं असेल, तर ते त्या दिवशीच. आणि तेही बायकोनं धरून करवून घेतलं म्हणून!